तबकडी आणि तिची बोली

सोलापूरच्या माणसाला जकार्ड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पूर्व भागातल्या एखाद्या बोळातून जाताना मागांचा खडखडाट कानी पडावा, दारातून आत डोकवावे, तर मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक लांबलचक माळ फिरताना दिसते. पत्त्यांना भोके पाडलेली असतात. जेथे भोक असेल तेथे मागाची सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक फेर. अशा शेकडो पत्त्यांतून चादरीवरचा मोर उमटतो. म्हणजे मोर आधी चादरीत नसतोच. तो पत्त्यांच्या माळेत साठवलेला असतो.

पण एवढ्याने भागते काय? पत्त्यावरच्या भोकांचे अंतर आणि मागावरच्या सुयांचे अंतर तंतोतंत जुळावे लागते. एका जातीच्या जकार्डाची माळ दुसऱ्या जातीच्या जकार्डावर चढवली, तर माळ शाबूत, माग शाबूत, आणि मोर मात्र नाही. साठवण आणि यंत्र यांच्यामध्ये एक करार असावा लागतो. तो करार मोडला की साठवलेले असूनही नसल्यासारखे होते.

आज मला या कराराविषयीच बोलायचे आहे. पण मागावरच्या नव्हे, तर टेबलावरच्या संगणकातल्या. संगणकात आपण जे जे ठेवतो ते हार्ड डिस्क नावाच्या तबकडीवर राहते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तबकडीत किती मावते हे दुकानदार मोठ्या अक्षरांत सांगतो. पण ती तबकडी संगणकाशी बोलते कशी, आणि ही बोली गेल्या चार दशकांत कशी बदलत गेली, हे सहसा कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा शिक्षक. यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तरी या प्रश्नाच्या मागे मला का लागावे लागले, ते ओघात येईलच.

पहिली चुंबकीय तबकडी आली १९५६ साली. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर ती बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, कपाटाएवढा आकार, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक सुरू झाला, तेव्हा त्याची स्मृती लोहचुंबकाच्या बारीक कड्यांची होती. टेबलावर मावणाऱ्या संगणकाला टेबलावर मावणारी तबकडी मिळायला १९८० साल उजाडले. सीगेट कंपनीची ती पहिली सव्वापाच इंची तबकडी. तिच्यातही मावत होती पन्नास लाखच अक्षरे.

ही तबकडी, खरे सांगायचे तर, मुकी आणि आंधळी होती. तिला स्वतःचे डोके नव्हते. सगळी अक्कल संगणकात खोचलेल्या एका वेगळ्या कार्डावर. ‘वाचणारा काटा एक पाऊल पुढे घे, आणखी एक पाऊल घे, आता थांब,’ असे हे कार्ड तबकडीला सांगायचे. तबकडीवरून येई ती केवळ विजेची कच्ची थरथर. तिची अक्षरे कार्डाने लावायची. एक केबल हुकमांची, दुसरी मजकुराची. यात गोम अशी की, तबकडीवरची आखणी ज्या जातीच्या कार्डाने केली, त्याच जातीचे कार्ड ती वाचायला लागे. कार्ड बिघडले आणि बाजारात दुसऱ्या जातीचे मिळाले, तर पुष्कळदा तबकडी पुसून नव्याने आखण्यावाचून गत्यंतर नसे.

आम्हा इतिहासवाल्यांना ही अडचण नवी नाही. मोडी कागदांचे रुमाल दफ्तरांत पडून आहेत. कागद टिकला, शाई टिकली, बांधलेले फडकेही टिकले. पण मोडी वाचणारा माणूस राहिला नाही, तर त्या रुमालाचा उपयोग काय?

या अडचणीवरचा उपाय निघाला १९८६ च्या सुमारास. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून ते डोके कार्डावरून उचलले आणि तबकडीच्याच पोटाशी बसवले. वाचणारा आणि कागद आता एकत्र आले. संगणकाने फक्त मागायचे, ‘अमुक ठिकाणचा मजकूर दे.’ काटा किती पावले सरकवायचा, थरथरीतून अक्षर कसे लावायचे, हे तबकडीचे तिने पाहावे. याला आयडीई म्हणू लागले. आयबीएमच्या १९८४ सालच्या ‘एटी’ संगणकाच्या रचनेला ही जोडणी चिकटलेली, म्हणून तिचे रीतसर नाव ‘एटी अटॅचमेंट’, म्हणजेच एटीए. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९४ साली तिला मानकाचा दर्जा दिला. एकदा बोली सर्वांची झाल्यावर कोणत्याही कंपनीची तबकडी कोणत्याही संगणकात चालू लागली. किमती उतरल्या, आणि आपल्यासारख्यांच्या महाविद्यालयांतही संगणक येऊ शकले, त्यामागे या कराराचाही वाटा आहे.

ज्यांनी त्या काळचा संगणक उघडून पाहिला असेल त्यांना ती करड्या रंगाची रुंद पट्टी आठवत असेल. चाळीस तारा शेजारी शेजारी, आणि एका पट्टीवर दोन तबकड्या. दोघींत थोरली कोण आणि धाकटी कोण, हे ठरवायला तबकडीच्या पाठीमागे एक चिमुकली टोपी असे. तिला जम्पर म्हणत. ती टोपी चुकीच्या जागी बसली की संगणकाला दोन्ही तबकड्या दिसेनाशा व्हायच्या. आमच्या विभागात एकदा ती टोपी हातातून निसटून फरशीवर पडली, आणि दोन प्राध्यापक व एक शिपाई अर्धा तास फरशी चाचपडत होते.

या बोलीत पुढे सुधारणा होत गेल्या. पहिला प्रश्न हमालीचा. सुरुवातीला तबकडीने दिलेला मजकूर मुख्य प्रोसेसर स्वतः उचलून स्मृतीत नेऊन ठेवी, एका वेळी दोन अक्षरे. पेढीच्या मालकाने गल्ला सोडून पोती वाहावीत, तसा हा प्रकार. पोती वाहताना हिशोब कोण करणार? मग डीएमए नावाची पद्धत रुळली. तिच्यात मजकूर परस्पर स्मृतीत जाऊन पडतो आणि काम झाल्यावर प्रोसेसरला फक्त वर्दी मिळते. ‘अल्ट्रा डीएमए’ने तर घड्याळाच्या एकाच ठोक्याच्या चढावर आणि उतारावरही मजकूर पाठवायला सुरुवात केली, आणि वाटेत काही सांडले नाही ना, हे पाहायला बेरजेच्या ताळ्यासारखी एक पडताळणीही जोडली. सेकंदाला तीन कोटी तेहेतीस लाख अक्षरांचा वेग गाठला. त्याच्या दुप्पट, म्हणजे सहासष्टचा, वेग गाठायची वेळ आली तेव्हा शेजारच्या तारांची कुजबूज एकमेकींत मिसळू लागली. तेव्हा पट्टीत चाळीसच्या जागी ऐंशी तारा घातल्या. वाढवलेल्या चाळीस तारा काहीच बोलत नाहीत. दोन बोलणाऱ्यांच्या मध्ये एक गप्प, एवढेच त्यांचे काम. खोचणी मात्र जुनीच ठेवली, म्हणजे जुना संगणक अडायला नको.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. तबकडीवरची जागा पूर्वी तीन आकड्यांनी सांगत: वर्तुळ कितवे, काटा कितवा, तुकडा कितवा. गल्ली, वाडा, खोली म्हणा ना. आता घोळ असा झाला की, संगणकातला बायोस नावाचा कारभारी १०२४ च्या पुढे वर्तुळे मोजीना, एका वर्तुळात ६३ च्या पुढे तुकडे मोजीना. आणि तबकडीच्या बोलीत १६ च्या वर काट्यांना जागा नव्हती. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबर. पण पोत्याला दोन्ही दारांतून जायचे असेल, तर अरुंद दाराच्या मापानेच जावे लागते. गुणाकार करून पाहा: १०२४ गुणिले १६ गुणिले ६३, आणि दर तुकड्याला ५१२ अक्षरे. उत्तर येते सुमारे ५२ कोटी ८५ लाख. तबकडी याहून मोठी घेतली तरी वरचा भाग संगणकाच्या लेखी नाहीच! उपाय निघाला तो साधा. गल्ली, वाडा, खोली सोडून द्या आणि सगळ्या तुकड्यांना शून्यापासून ओळीने क्रमांक घाला. याला एलबीए म्हणतात. त्यातही प्रथम क्रमांकाला २८ द्विमान अंकच दिले. मर्यादा १३,७४४ कोटी अक्षरांवर गेली. एवढी मोठी तबकडी कोण घेणार, असे तेव्हा वाटले असेल. थोड्याच वर्षांत तीही अपुरी पडली, आणि २००२ सालच्या मानकात क्रमांक ४८ अंकी झाला.

याच सुमारास आणखी एक उपयुक्त गोष्ट बोलीत आली: तबकडीने आपल्या प्रकृतीचे वर्तमान स्वतः सांगायचे. किती तुकडे नासले, किती तास चालले, तापमान किती, याची नोंद ती ठेवते आणि विचारल्यास सांगते. ‘स्मार्ट’ या नावाने ही सोय १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. विचारणारे आपण थोडे, ही गोष्ट वेगळी.

आता माझी गोष्ट सांगतो. २००५ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आपल्या जुन्या मिलची हकीकत गोळा करावी, असे मनात आले. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरून एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबरात निकाल लागला. राज्यघटना लागू झाल्याच्या पहिल्याच वर्षातला हा खटला असल्याने कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. न्यायमूर्तींनी काय म्हटले ते छापून आहे. पण भोंगा वाजत नव्हता त्या साडेचार महिन्यांत कामगारांच्या घरी चूल कशी पेटली, हे कोठेही छापलेले नाही. ते ठाऊक असलेली माणसे तेव्हा ऐंशीच्या घरात होती.

मी त्यांच्या दारी जाऊन कॅसेटवर बोलणे उतरवून घेऊ लागलो. रात्री ते संगणकावर चढवायचे, आणि कॅसेट पुसून उद्याच्या माणसासाठी वापरायची. पगार बेताचा, कॅसेटी मोजक्या. त्या दिवसांत भारनियमनाचा कहर होता. एका रात्री एका आजोबांचे दोन तासांचे बोलणे मी तबकडीवर चढवले. पडद्यावर काम संपल्याची खूण आली. मी कॅसेट मागे गुंडाळून पुसायला लावली, आणि तेवढ्यात वीज गेली. बॅटरीने केव्हाच मान टाकलेली होती. वीज आली तेव्हा तबकडीवर नाव होते, मजकूर नव्हता. आणि वीज जाण्यापूर्वी कॅसेटवर जो भाग पुसला गेला, तो नेमका बंदच्या महिन्यांचा होता. मी पुन्हा गेलो तेव्हा आजोबा आजारी होते. नंतर ते राहिले नाहीत.

पडद्याने ‘झाले’ म्हटले आणि झालेले नव्हते, हे कसे? पुढे कळले ते असे. संगणक लिहायला दिलेला मजकूर आधी स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो. तबकडीही तो आपल्या पोटातल्या छोट्या स्मृतीत घेते आणि लगेच ‘हो’ म्हणते. खरी नोंद सवडीने होते. यात लबाडी नाही, निकड आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीलाही एका फेऱ्याला सेकंदाचा सुमारे एकशेविसावा भाग लागतो. संगणकाच्या लेखी हा फार मोठा काळ. जुन्या बोलीत एका वेळी एकच हुकूम देता येई. पहिल्याचे उत्तर आल्याशिवाय दुसरा नाही. दर वेळी खरोखर लिहून होईतो थांबायचे म्हटले, तर सगळा कारभारच खोळंबेल. म्हणून आधी ‘हो’ म्हणायचे आणि मग लिहायचे. ‘हातातले सगळे उतरव आणि मगच हो म्हण’ असा हुकूम बोलीत होता. पण तो वेळेवर कोणी द्यावा लागतो. माझ्या त्या रात्री मजकूर कोठे अडकला, संगणकाच्या हाती की तबकडीच्या, ते आता सांगता येणार नाही. पण दोष यंत्राच्या माथी मारून मी मोकळा होत नाही. दुसरी प्रत पडताळल्याशिवाय मूळ पुसायचे नाही, हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा. तो मी मुलांना शिकवत होतो.

गंमत पाहा, याच दुखण्यावरचा इलाज तेव्हा बाजारात येऊ लागला होता. २००३ पासून रुंद पट्टी जाऊन बारीक केबल आली. तिचे नाव सिरियल एटीए, बोलण्यात साटा. तिच्यात मजकुराच्या तारा चारच, जाणारी एक जोडी आणि येणारी एक. चाळीस तारांपेक्षा चार तारा वेगवान कशा? सिद्धेश्वराच्या यात्रेतली मिरवणूक आठवा. सोळा माणसांनी हातात हात धरून एका रांगेत चालायचे असेल, तर चाल संथच ठेवावी लागते; पळायला लागली की कोणी पुढे जातो, कोणी मागे रेंगाळतो, रांग मोडते. तीच माणसे एकामागे एक सोडली तर पळू शकतात. साटाचा वेग सेकंदाला पंधरा कोटी अक्षरांपासून सुरू झाला आणि २००९ च्या मानकात साठ कोटींवर पोचला. जम्परची टोपी गेली, कारण एका केबलवर एकच तबकडी. चालू संगणकातही तबकडी काढता-घालता येऊ लागली. त्यासाठी खोचणीच्या काही पट्ट्या मुद्दाम लांब ठेवल्या, म्हणजे बाकीच्यांच्या आधी जमिनीची जोड मिळते.

पण खरी मोलाची सुधारणा वेगळीच. तिचे नाव एनसीक्यू. हिच्यामुळे संगणक तबकडीला एकदम बत्तीस हुकूम देऊन ठेवू शकतो, आणि तबकडी ते आपल्या सोयीच्या क्रमाने उरकते. पोस्टमनचे उदाहरण घ्या. पिशवीतली पहिली चिठ्ठी साखर पेठेची, दुसरी नवी पेठेची, तिसरी पुन्हा साखर पेठेची. तो काही चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने उन्हात येरझारा घालत नाही. साखर पेठेच्या दोन्ही एका फेरीत टाकतो. तबकडीचा काटाही आता असेच करू लागला. यातून वेग तर वाढलाच. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की, तबकडीला खरे बोलणे परवडू लागले. एका नोंदीचे उत्तर उशिरा दिले तरी बाकीची कामे मध्यंतरी चालू राहतात. ‘ही एवढी नोंद मात्र प्रत्यक्ष उतरल्यावरच हो म्हण,’ असे त्या हुकमातच लिहून देण्याची सोयही झाली.

या नव्या बोलीसाठी संगणकाच्या बाजूनेही नवी शिस्त लागली. इंटेलने ती २००४ साली एएचसीआय नावाने लिहून दिली. पण जुन्या विंडोज एक्स्पीला ती उपजत ठाऊक नव्हती. म्हणून बायोसमध्ये दोन पर्याय ठेवले: नवी रीत, किंवा आयडीईचे सोंग. पुष्कळ संगणक वर्षानुवर्षे सोंग घेऊन चालले, आणि त्यांच्या मालकांना एनसीक्यूचा लाभ मिळालाच नाही. मागाहून कोणी हौसेने पर्याय बदलला, तर निळा पडदा येऊन संगणक अडून बसे. आता फिरत्या तबकडीची जागा चिपच्या साठवणीने घेतली आहे. तिच्यात काटाच नाही, म्हणून तिच्यासाठी २०११ साली एनव्हीएमई ही निराळी बोली ठरली. बत्तीस हुकमांच्या एका रांगेऐवजी हजारो रांगा, आणि प्रत्येकीत हजारो हुकूम.

आणि माझी ती जुनी तबकडी? २००६ पासून इंटेलच्या नव्या चिप-संचांतून रुंद पट्टीची सोय वगळली गेली. काही बोर्डांवर ती वेगळी चिप लावून थोडी वर्षे टिकली, मग तीही गेली. मध्यंतरी विभागाचा जुना संगणक भंगारात गेला. तबकडी मी काढून घेतली होती. ती टेबलाच्या खणात पडून राहिली. परवा एक विद्यार्थी जुन्या मिलवर प्रबंध लिहितो म्हणाला, तेव्हा तिची आठवण झाली. नव्या संगणकात तिला खोचायला जागा नाही. शेवटी चाळीस काट्यांची खोचणी यूएसबीला जोडून देणारे एक छोटे यंत्र मागवले. जम्परची टोपी कोठे बसवायची, ते तबकडीच्या पाठीवर छापलेले होते. मी ती बसवली, वीज दिली. तबकडी घुरघुरली, दोनदा खडखडली, आणि यादी उमटली. अकरा माणसे बोलली. बाराव्याच्या नावापुढे शून्य.

त्या अकरा जणांचे बोलणे आम्ही त्याच दिवशी दोन निराळ्या ठिकाणी उतरवले आणि प्रत्येक प्रत शेवटपर्यंत ऐकून घेतली. विद्यार्थी लिहून घेत होता. एका आजींनी सांगितले होते की, बंदच्या काळात त्यांच्या घरी जोंधळ्याच्या कण्या शिजत आणि त्यात मीठ शेजारणीकडचे असे. श्रोतेहो, तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत अशी एखादी तबकडी खणात पडली असेल. ती चालते की नाही, हा प्रश्न नंतरचा. तिची बोली समजणारे यंत्र अजून विकत मिळते आहे, तोवर ती बाहेर काढा आणि तिच्याशी बोलून घ्या.